शौच, स्थैर्य आणि आमच्या घरचं सिंक



ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात आपण अजून सातव्या श्लोकावरच आहोत. आचार्योपासना संपायला आपल्याला तीन आठवडे लागले, कारण गुरुसेवेचा विषय निघाला की माउलींना थांबवत नाही. गुरूंच्या घरी मीच पाणी देणारा होईन, मीच छत्र धरीन, मीच अंथरूण घालीन, असं ते सांगतच राहतात. आज पुढचा शब्द घेऊ. शौच.

(हसू नका. आपल्या पिढीला हा शब्द 'स्वच्छ भारत'च्या पाटीवरच भेटतो, पण गीतेत त्याचा अर्थ शुचिता, स्वच्छपणा.)

माउली म्हणतात, ज्याच्याकडे शुचिता असते त्याचं अंग आणि मन कापरासारखं असतं. कापराला आतली बाजू वेगळी आणि बाहेरची वेगळी असं काही असतं का? कुठूनही तोडा, तोच रंग, तोच वास. रत्नाचं तसंच, सूर्याचं तसंच. असा माणूस बाहेरून कर्माने धुतलेला असतो आणि आतून ज्ञानाने उजळलेला असतो. बाहेरच्या धुण्याला ते माती आणि पाणी सांगतात. मग एक दृष्टांत येतो, मी या वेळी त्याच्यावरच अडकलो. धुळीने आरसा उजळतो, असं माउली म्हणतात.

आधी मला ते कळेना. आरशावर धूळ बसली की आपण पुसतो, धुळीने आरसा स्वच्छ कसा होईल? मग डोक्यात प्रकाश पडला की त्या काळचा आरसा धातूचा. धातू घासायला बारीक भुकटीच लागते. आपल्या आज्या राखेने भांडी घासायच्या, तेच हे. म्हणजे माउलींनी मळाचा उपाय मळासारख्याच दिसणाऱ्या वस्तूत दाखवला. फक्त ती योग्य भुकटी हवी आणि योग्य हात हवा.

आता मी धातूच्या आरशावरून आमच्या घरच्या सिंकवर येणार आहे. ही गोष्ट इथे लिहू की नको, याचा मी वर्षभर विचार केला.

माझं घर संग्रामपूर तालुक्यात. उत्तरेला सातपुडा दिसतो, दक्षिणेला शेगाव. मधला सगळा पूर्णा नदीच्या खोऱ्यातला भाग म्हणजे खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि आमचा बुलडाणा, तिन्ही जिल्ह्यांत तो पसरला आहे. बोअरचं पाणी तोंडात घेतलं की खारं लागतं. चहा फाटल्यासारखा होतो, साबणाला फेस येत नाही, वरण शिजता शिजत नाही. पुण्यामुंबईच्या वाचकांना 'हार्ड वॉटर' म्हणजे गीझरची कॉइल खराब होणं एवढंच माहीत असेल. आमच्याकडे त्याच्यावर पिढ्या गेल्या. मूत्रपिंडाच्या आजाराच्या बातम्या आमच्या भागातून वर्षानुवर्षं येतात, आणि आमच्या घरातही तो आला. बाबांचं नेमकं कशामुळे झालं हे डॉक्टरांनी एका शब्दात सांगितलं नाही, म्हणून मीही सांगणार नाही.

नोकरी लागल्यावर मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर घरचं स्वयंपाकघर नवीन केलं. जुनी मोरी काढून ओटा केला आणि अकोल्याहून स्टीलचं सिंक आणलं, ३०४ ग्रेडचं. १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल, असं मी दुकानदारालाच समजावून सांगितलं होतं. आई, वहिनी दोघी खूश होत्या. मी जास्त खूश होतो. दर वेळी गावी गेलो की पाहुण्यांना ते सिंक दाखवायचो. अमानित्व आणि अदंभित्व आपण मागेच वाचलंय, त्यामुळे यावर वेगळं काही लिहीत नाही.

मग बाबा आजारी पडले. दोन वर्षं डायलिसिस झालं, आठवड्यातून दोनदा अकोल्याला. दादा शेती सोडून गाडी चालवायचा, वहिनी सोबत जायची. मी पुण्याहून पैसे पाठवायचो. वेळेवर पाठवायचो, हे मी स्वतःला वारंवार सांगायचो.

बाबा गेले त्याला वर्ष झालं तेव्हाची गोष्ट. वर्षश्राद्धाच्या दोन दिवस आधी मी पोचलो. स्वयंपाकघरात गेलो आणि सिंक बघून डोकंच फिरलं. सगळीकडे पांढरा थर. कडांना तो इतका जाड की नखाने खरवडला तरी निघेना. नळाच्या तोंडाला चुन्याची फुलं आलेली. जाळीत शिळ्या भाताची शितं. आत्या नुकत्याच आलेल्या, ओट्याजवळ भाजी निवडत बसलेल्या. त्यांच्यासमोर मी वहिनीला म्हणालो, "वहिनी, रोज नुसतं पुसायला असा किती वेळ लागतो हो? एवढं महागाचं आणून दिलं होतं."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने नळ सोडला आणि शितं धुतली.

रात्री सगळे झोपल्यावर मी संडास साफ करायची बाटली आणली आणि सिंकमध्ये ओतली. मनात असं की सकाळी उठून बघतील कसं चकाकतंय ते. फेस आला, आवाज आला, पांढरं विरघळताना दिसलं. मी तासभर तसंच ठेवलं. वास नाकात बसला म्हणून खिडकी उघडून झोपलो.

सकाळी पांढरं खरंच गेलं होतं. त्याच्या जागी काळपट राखाडी डाग होते, ढगांसारखे, आणि तळाशी चहाच्या रंगाचे बारीक ठिपके. बोट फिरवलं तर ठिपक्यात खळगा लागत होता. दादा दात घासत मागे उभा राहिला. बराच वेळ पाहत होता. मग म्हणाला, "तू वर्षातून एकदा येतं अन् ॲसिड ओततं. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस कोनाचे?"

मी इंजिनियर माणूस. मला या वाक्याचं उत्तर द्यायचं होतं, म्हणून आधी सिंकचा अभ्यास केला. त्यातलं काही तुम्हालाही उपयोगी पडेल, म्हणून सांगतो.

स्टेनलेस स्टील गंजत नाही कारण त्यातल्या क्रोमियमची हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडून त्यावर एक पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा काही नॅनोमीटरचा, डोळ्यांना दिसत नाही. ओरखडा पडला तरी तो हवा मिळाली की आपोआप पुन्हा भरून येतो. १९१३ साली इंग्लंडमध्ये शेफील्डला हॅरी ब्रिअर्लीने क्रोमियम घातलेलं असं पोलाद बनवलं, तेव्हापासून सगळ्या जगाची भांडी या न दिसणाऱ्या पापुद्र्यावर चाललीत. त्याचा मोठा शत्रू म्हणजे क्लोराइड. संडास साफ करायच्या बाटलीत असतं हायड्रोक्लोरिक ॲसिड, म्हणजे आम्लही आणि क्लोराइडही. ते पापुद्र्याला जागोजागी भोक पाडतं आणि तिथून खाली खळगा होत जातो. ब्लीचमध्येही क्लोरीनच. आणि एक गोष्ट मित्रांनो, गंमत म्हणून नाही, जिवाच्या भीतीने सांगतो: ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

बरं, तो पांढरा थर म्हणजे तरी काय? घाण नव्हेच. पाण्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार. थेंब सुकतो, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतो. दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरा थेंब. त्याला ॲसिडची बाटली लागत नाही. लिंबू पुरतं, व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून पुरतं. फडकं भिजवून दहापंधरा मिनिटं थरावर ठेवायचं, मग घासणीने हलकं घासायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. जाड थर एका दिवसात जात नाही, चार-पाच दिवस रोज थोडं थोडं करावं लागतं. नळाच्या तोंडाला व्हिनेगरची चिंधी बांधून ठेवली की फुलं सुटतात. तेलकटपणाला खायचा सोडा ओला करून चोळायचा. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस काढायचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले असतील. दिसायला छान दिसतं, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि हाती उरतं खारं पाणी. आधी एक, धुतल्यावर दुसरं.

पितळेच्या तांब्याला आपण मीठ-लिंबू लावतो, ते सिंकला लावून ठेवू नका. मिठात क्लोराइड असतं. लोणच्याची बरणी धुतली की लगेच पाणी ओता. तारेचा काथ्या वापरू नका, त्याचे लोखंडी कण स्टीलमध्ये रुततात आणि तेच गंजतात, मग आपण म्हणतो सिंक गंजलं. बिडाचा ओला तवा रात्रभर सिंकमध्ये नको. आणि शेवटचं, ज्याला सगळ्यात कमी पैसे लागतात आणि जे सगळ्यात कमी लोक करतात: रात्री झोपताना सिंक कोरडं पुसायचं. थेंबच राहिला नाही तर क्षार कुठून राहील?

म्हणजे 'रोज नुसतं पुसायचं' हे माझं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबरच होतं. हेच तर वाईट होतं.

कारण श्राद्ध झाल्यावर, पाहुणे गेल्यावर, मी सिंकच्या वरच्या खिळ्याला टांगलेलं मागच्या वर्षीचं कॅलेंडर काढायला गेलो. जुनं कॅलेंडर अजून कशाला, असं म्हणून. त्यावर वहिनीच्या हातचं पेनाने लिहिलेलं. काही तारखांवर 'अ'. म्हणजे अकोला. महिन्यात आठ, कधी नऊ. आणि रोजच्या चौकोनात आकडे: ४, ३॥, ४, ३. मला कळेना. आईला विचारलं. बाबांना दिवसात पाणी मोजून द्यायचं होतं, ते पेले होते. स्टीलचा एक ठरलेला पेला, त्यानेच वहिनी मोजायची आणि रात्री आकडा लिहायची. बाबा गेले त्या दिवशीच्या चौकोनात १ लिहिलं होतं. त्याच्यापुढे काहीच नव्हतं, महिना कोरा.

अकोल्याहून यायला रात्रीचे दहा व्हायचे, आई म्हणाली. बाबांना कधी गाडीत उलटी व्हायची. मग ते सगळं धुणं, बाबांना निजवणं, मुलांना जेवण. भांडी सिंकमध्ये भिजत पडायची, ती सकाळी निघायची. सिंकवरचा तो थर असा एक एक रात्र चढला होता. मी नखाने खरवडत होतो ते हे होतं.

आता माउलींकडे परत येतो. शुचिता सांगताना ते पुढे म्हणतात की आत ज्ञान नसेल तर बाहेरचं धुणं म्हणजे विटंबना. दृष्टांतही साधे नाहीत, एकापाठोपाठ एक मारलेत: मढ्याला घातलेले दागिने, तीर्थात न्हाऊ घातलेलं गाढव, कडू दुध्याला चोपडलेला गूळ, ओसाड घराला बांधलेलं तोरण, उपाशी माणसाच्या अंगाला लिंपलेलं अन्न. आधी वाचताना मला वाटायचं हे ढोंगी साधूंबद्दल असेल. या वेळी वाचलं तेव्हा ॲसिडची बाटली घेतलेला मीच दिसलो. उपाशी माणसाच्या अंगाला अन्न लिंपायचं म्हणजे काय, तर ज्या घराला माणूस हवा होता त्या घराला मी सिंक दिलं.

आणि शौचाला लागून लगेच शब्द येतो स्थैर्य. तो उद्याचा विषय, पण त्यातला एक दृष्टांत आजच घेतो. गाय चरायला रानात जाते, पण तिची माया वासराला सोडून रानात जात नाही. मी शिकायला, नोकरीला गाव सोडलं, त्यात चूक काय? तुमच्यातल्या निम्म्यांनी सोडलंय. शरीर पुण्यात असणं हा दोष नाही. पण त्या दोन वर्षांत माझी माया कुठे होती, हे मी प्रामाणिकपणे तपासलं. बँकेच्या ॲपमध्ये होती. पैसे गेले की हिरवी टिक यायची आणि मला बरं वाटायचं.

शौचानंतरच स्थैर्य का, याचं माझ्यापुरतं उत्तर मला सिंकने दिलं. एकदा लख्ख करणं कुणालाही जमतं. आम्ही ऑफिसात रिलीजच्या आदल्या रात्री जागून जे करतो ते तेच असतं. मग तीन महिने त्या कोडकडे कोणी बघत नाही. आपलं उपासनेचंही बरेचदा असंच असतं. प्रकटदिनाला एकवीस अध्यायांचं एका बैठकीत पारायण, आणि मग पोथी कपाटात. पारायण वाईट असं मी म्हणत नाही, मीही करतो. पण तो पापुद्रा आठवा. तो जोराने घासल्याने येत नाही, स्वच्छ धातूला रोज हवा लागली की येतो.

शेगावला ज्यांनी सेवाधाऱ्यांना काम करताना पाहिलं असेल त्यांना हे वेगळं सांगायला नको. पाळीपाळीने लोक येतात, कोणी झाडतो, कोणी भांडी घासतो, आणि पुन्हा आपल्या गावाला जातात. फरशी कधी एकदम चमकवलेली दिसत नाही, कारण ती कधी कळकट होऊच देत नाहीत. ज्या संतांचं प्रथम दर्शन २३ फेब्रुवारी १८७८ ला उष्ट्या पत्रावळींपाशी, त्यातली शितं वेचून खाताना झालं, त्यांच्या गावी खरकट्याला हात लावण्यात कमीपणा कसा असेल? आणि मी त्या जाळीतली शितं बघून वहिनीला बोललो होतो.

विजयग्रंथातली अकोलीच्या विहिरीची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. भास्कर पाटील उन्हात शेतात राबत होता, प्यायचं पाणी लांबून आणलेलं. महाराजांनी पाणी मागितलं तर त्याने दिलं तर नाहीच, वर धडधाकट असून फुकट फिरतो म्हणून सुनावलं. महाराज कोरड्या विहिरीपाशी गेले आणि ती पाण्याने भरली. लोक चमत्कारापाशी थांबतात. मला आता भास्कराचं वाटतं. तो खोटं कुठे बोलला होता? पाणी त्यानेच वाहून आणलं होतं, मेहनत त्याचीच होती, हिशोब बरोबर होता. फक्त समोर कोण उभं आहे हे त्याला दिसलं नाही. दिसलं तेव्हा तो धावत गेला आणि पाया पडला, तो कायमचाच. खाऱ्या पट्ट्यातल्या माणसाला गोड पाण्याची विहीर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, पण मला त्याचं ते धावत जाणं जास्त अवघड वाटतं.

मला ते जमायला एक महिना लागला. फोनवर तीन वेळा विषय काढायचा प्रयत्न केला आणि तीनही वेळा पावसापाण्याचं बोलून फोन ठेवला. ऋषिपंचमीला, महाराजांच्या पुण्यतिथीला, शेगावला गेलो. रांगेत चार तास होतो. वाटलं होतं समाधीपुढे काहीतरी होईल. काही झालं नाही, मागच्याने "माउली, पुढे चला" म्हणून ढकललं. तिथून थेट घरी गेलो.

वहिनी ओट्यापाशीच होती. मी म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी माझं चुकलं. सिंकही खराब केलं."

ती म्हणाली, "सिंकचं जाऊ द्या भाऊजी, पत्राच तो. आत्याबाईसमोर बोल्ले नसते तर बरं झालं असतं. थे मले लय लागलं."

म्हणजे खळगा तिथे पडला होता. तो लिंबाने निघणारा नव्हता.

मी तिथेच आत्याला फोन लावला, स्पीकरवर. काय बोललो ते नीट आठवत नाही. कॅलेंडरचं सांगितलं, पेल्याचं सांगितलं, आणि त्या दिवशी तुमच्यासमोर जे बोललो ते तुमच्यासमोरच परत घेतो असं म्हणालो. आत्या बऱ्याच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मले माहीत होतं रे सगळं. मी तवाच बोलाले पायजे होतं." वहिनी तोवर मागच्या दारी गेली होती. ऐकलं की नाही, मी विचारलं नाही.

आता दर महिन्याला गावी जातो. एक शनिवार-रविवार. जातो म्हणून काही मोठं करत नाही, रात्रीची भांडी माझ्याकडे. राखाडी ढग बरेच फिके झालेत. तळाचे पाच ठिपके आहेत तसेच आहेत, ते राहणार. सिंक बदलून टाकू असं मी एकदा म्हणालो तर दादा म्हणाला, राहू दे.

पहिल्या रात्री मी गोल गोल घासत होतो. वहिनी मागून म्हणाली, "भाऊजी, गोल नका घासू. थ्या रेघा दिसते न पत्र्यावर, त्याच्या संगं संगं घासा, आडवं." मी वाकून पाहिलं. आठ वर्षांपूर्वी दुकानदाराला ग्रेड समजावून सांगणाऱ्या मला त्या रेघा तेव्हा पहिल्यांदा दिसल्या. घासून झालं, धुऊन झालं, तसं तिने खिळ्यावरचं एक फडकं काढून माझ्या हातात दिलं. मऊ, पातळ, पांढरं. बाबांच्या जुन्या धोतराचा तुकडा होता.

"कोरडं करा," ती म्हणाली, आणि दिवा लावायला गेली.

जय गजानन.